वाडा पाहावा कसा : मेणवलीपासून शनिवारवाड्यापर्यंत

पुण्यात पाहुणे आले की त्यांना प्रथम शनिवारवाड्यावर नेण्याची आपली रीत आहे. दिल्ली दरवाजातून आत गेल्यावर हिरवळ, दगडी जोती, म्हणजे इमारतींचे चौथरे, आणि कोरडे कारंजे पाहून पाहुणा विचारतो, “वाडा कुठे आहे?” हा प्रश्न अगदी रास्त आहे, कारण 27 फेब्रुवारी 1828 रोजी लागलेल्या आगीत आतले लाकडी मजले जळून गेले आणि जे उरले ते वाचण्यासाठी उभा वाडा आधी पाहिलेला असावा लागतो. म्हणून माझा आग्रह असा आहे की शनिवारवाडा सर्वांत शेवटी पाहावा. आधी वाईजवळच्या मेणवलीचा वाडा, मग पुण्यातलाच विश्रामबागवाडा आणि त्यानंतर शनिवारवाडा, हा क्रम ठेवल्यास दोन दिवसांत वाड्याची भाषा कळू लागते.

निघण्यापूर्वीची तयारी थोडी आहे. उजेड चांगला असेल अशी सकाळची वेळ निवडावी, चटकन काढता येतील अशी पादत्राणे घालावीत, आणि एक बॅटरी, एक वही व पेन्सिल जवळ ठेवावी. प्रवेशाच्या वेळा आणि बंद असलेले भाग बदलत असल्याने आदल्या दिवशी चौकशी करणे बरे. पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्या निसरड्या होतात, हे मेणवलीला जाणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

मेणवली वाईपासून सुमारे तीन किलोमीटरवर कृष्णेच्या काठी आहे. हे गाव औंधच्या पंतप्रतिनिधींनी 1768 मध्ये नाना फडणवीसांना इनाम दिले, आणि त्यानंतर नानांनी येथे वाडा आणि घाट बांधून घेतला. वाड्यात सहा चौक आहेत. आत शिरताच खोल्या मोजत सुटण्यापेक्षा देवडीवर, म्हणजे दरवाजालगतच्या पहारेकऱ्यांच्या जागेपाशी, थोडे थांबावे. मोठ्या दरवाजात माणसापुरता लहान दिंडी दरवाजा का असतो, हे तेथे उभे राहिल्यावर कळते : रोजच्या वापरासाठी मोठी दारे उघडावी लागत नाहीत, आणि वाकून एकेकट्यानेच आत यावे लागल्याने येणाऱ्यावर पहारेकऱ्याची नजर राहते. देवडीतून पुढे चौक लागतो. पहिल्या चौकाभोवती कचेरी आणि बैठकीची जागा, आणि आतल्या चौकांकडे माजघर, देवघर व स्वयंपाकघर, अशी वाड्याची सर्वसाधारण मांडणी असते. बाहेरचा माणूस कुठपर्यंत येणार, हे भिंतीवर न लिहिताही या मांडणीने ठरवून दिलेले असते. आपण पाहुणे म्हणून हिंडताना प्रत्येक उंबरठ्यावर स्वतःला विचारावे की दोनशे वर्षांपूर्वी मला येथून पुढे जाता आले असते का. स्त्रियांच्या वावराची जागा, हिशेबनिसांची जागा आणि कुळांना ताटकळत ठेवण्याची जागा या एका प्रश्नाने वेगवेगळ्या दिसू लागतात.

चौकात निदान पंधरा मिनिटे बसावे, असे मी आवर्जून सांगेन. वाड्याच्या बाहेरच्या भिंती जाड आणि खिडक्या कमी असतात, त्यामुळे उजेड आणि वारा आत येतो तो मुख्यतः चौकातून. दुपारी तापलेली हवा वर निघून जाते आणि सभोवतालच्या पडवीत सावली टिकते. पावसाचे पाणी उतरत्या छपरांवरून चौकात पडते, तेथून ते कोणत्या मोरीने बाहेर जाते, हे शोधून पाहावे. ज्या वाड्यात ही वाट बुजवली गेली आहे तेथे खांबांचे पाय कुजलेले दिसतात, आणि ते पाहून मला दर वेळी वाईट वाटते, कारण एवढी जुनी वास्तू केवळ एका तुंबलेल्या मोरीमुळे खचत असते.

आता मान वर करावी. तुळयांवर ठरावीक अंतराने कड्या, म्हणजे बारीक आडवी लाकडे, कड्यांवर फळ्या आणि त्यावर मातीचा थर, अशी ही कडीपाटाची तक्तपोशी असते. खाली खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, म्हणजे लाकूड जमिनीतल्या ओलीपासून दूर राहते. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात, आणि जुन्या काळी घराचे माप खोल्यांत नव्हे तर खणांत सांगत. तेव्हा वहीत नकाशा काढताना फुटपट्टीची गरज नाही : किती खण लांब आणि किती खण रुंद एवढे नोंदवले तरी वाड्याचा आराखडा कागदावर उतरतो. जिने बहुधा भिंतीच्या जाडीत बसवलेले, अरुंद आणि उभे असतात. ते एका वेळी एकानेच चढावेत, आणि माडीवर घोळक्याने एका जागी उभे राहू नये. भिंतीवरील चित्रांना हात लावू नये, फ्लॅशही वापरू नये.

मेणवलीचा घाट चंद्रकोरीसारखा वळलेला आहे आणि त्याच्या वर मेणेश्वराचे मंदिर आहे. तेथे टांगलेली घंटा मुद्दाम निरखून पाहावी. तिच्यावर बाळाला घेतलेली मेरी आणि 1707 हे साल आहे. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या चर्चमधील ज्या घंटा देशावर आणल्या गेल्या, त्यांतली ही एक होय.

मेणवलीसारखे वाडे खाजगी मालकीचे असतात, आणि पुष्कळ ठिकाणी लोक आजही राहत असतात.  अशा ठिकाणी दार वाजवून, नाव सांगून, “आजी, वाडा पाहिला तर चालेल का?” एवढे विचारणे हा साधा शिष्टाचार आहे. देवघराचे आणि घरातल्या माणसांचे छायाचित्र परवानगीशिवाय घेऊ नये. भुयाराच्या आणि पुरलेल्या धनाच्या कथा प्रत्येक वाड्यात ऐकू येतात, त्या ऐकून घ्याव्यात, पण वहीत लिहिण्याजोगे प्रश्न वेगळे असतात : धान्य साठवायचे बळद कुठे होते, बाळंतिणीची खोली कोणती, पंगत कुठे बसत असे. याची उत्तरे अनेकदा फक्त त्या घरातल्या वृद्ध बाईलाच ठाऊक असतात.

विश्रामबागवाडा पुण्यात बाजीराव रस्त्यावर आहे. दुसऱ्या बाजीरावांचा हा वाडा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा, म्हणजे पेशवाईच्या अखेरचा. तो प्रथम समोरच्या पदपथावरून पाहावा, कारण दर्शनी सज्जाचे कोरीव लाकूडकाम तेथूनच नीट दिसते. सुरूच्या झाडासारखे निमुळते होत जाणारे खांब, त्यांना जोडणाऱ्या महिरपी आणि महिरपींमधली केळफुले या तीन गोष्टी ओळखता आल्या की पेशवेकालीन लाकूडकाम इतरत्रही ओळखता येते. 1821 मध्ये येथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, आणि 1879 मध्ये वाड्याचा काही भाग आगीत गेला. पेशव्यांचे घर, मग शाळा, मग सरकारी कचेऱ्या, अशा वापरांमुळेच ही वास्तू टिकली असे मला वाटते. रिकामा वाडा फार लवकर ढासळतो.

तेथून चालत पंधरा-वीस मिनिटांत शनिवारवाडा येतो. पायाभरणी 10 जानेवारी 1730 रोजी आणि वास्तुशांत 22 जानेवारी 1732 रोजी, दोन्ही दिवस शनिवार. दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवरचे टोकदार खिळे हत्तीच्या धडकेसाठी आहेत, आणि आत शिरताच वाट सरळ न जाता वळते, ती शत्रूचा वेग मोडावा म्हणून. वर नगारखान्याचे लाकडी खांब अजून उभे आहेत. मेणवली आणि विश्रामबाग पाहून आलेल्या डोळ्यांना ते लगेच ओळखीचे वाटतात. मग जोत्यांकडे वळावे. चौकोनी मोकळी जागा दिसली की तो चौक, आणि त्याभोवतीची उंच पट्टी म्हणजे पडवी व सोप्याची (ओसरीची) जागा, असे जुळवत जावे. हजारी कारंजे सोळा पाकळ्यांच्या कमळाचे आहे. शहरापासून दूर असलेल्या कात्रजच्या तलावातून नानासाहेब पेशव्यांच्या काळी बांधलेल्या नळाने पाणी केवळ उताराच्या बळावर या परिसरापर्यंत येत असे.

शेवटी एखाद्या जोत्याच्या कडेला बसून वही उघडावी. मेणवलीला मोजलेले खण समोरच्या दगडांवर मांडावेत, खांब उभे करावेत, त्यावर तुळया, कड्या आणि पाट टाकावेत, आणि मग वरच्या मजल्याकडे जाणारा जिना कोणत्या भिंतीत असावा, ते शोधावे.