पहिली कोरियन मालिका निवडताना या चुका टाळा

२०२१ च्या सप्टेंबरात 'स्क्विड गेम' आली आणि जो तो तिच्याबद्दलच बोलायला लागला. माझ्या नणंदेच्याही कानावर गेलं. रविवारी दुपारी मेथी निवडायला बसली आणि समोर पहिला भाग लावला. ती अवाढव्य बाहुली मान वळवते, जो हलला त्याला गोळी. मेथी तशीच राहिली. टीव्ही बंद करून मला फोन, "काय गं, हे बघता तुम्ही रोज?" पुढे वर्षभर कोरियन म्हटलं की तिने कानांवर हात ठेवले.

मालिका वाईट नाही. कर्जात बुडालेल्या माणसांची गोष्ट आहे, रक्तपात चालत असेल त्याने जरूर बघावी. पण ओळखच तिच्यापासून करून घेणं म्हणजे कोल्हापूरला आलेल्या पाहुण्याला पहिल्या घासाला ठेचा वाढणं.

गाजलेली म्हणून लावणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि जवळजवळ सगळेच करतात. 'सर्वोत्तम दहा' अशा याद्यांमध्ये प्रेमकथा, खुनाचा तपास, राजवाडा आणि झोंबी एकाच ओळीत बसलेले असतात. त्यापेक्षा स्वतःला विचारा, एरवी मी काय आवडीने बघते? कोर्टातल्या केसेस आवडत असतील तर २०२२ ची 'एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू', म्हणजे ऑटिझम असलेल्या तरुण वकिलाची गोष्ट. बहुतेक भागांत नवी केस असल्यामुळे मध्ये चार दिवस खंड पडला तरी धागा सुटत नाही. पोलीस तपास हवा तर 'सिग्नल'. हलकीफुलकी प्रेमकथा हवी तर 'क्रॅश लँडिंग ऑन यू': दक्षिण कोरियातली श्रीमंत बाई पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते आणि थेट उत्तर कोरियातल्या सैनिकासमोर येऊन पडते. यात तर्क शोधायचा नसतो. आणि संध्याकाळच्या आपल्या मालिकांतली कटकारस्थानं, मेलेली माणसं परत येणं वगैरे मनापासून आवडत असेल (लाजू नका), तर 'द पेंटहाउस' आहे. या प्रकाराला तिकडे 'माकजांग' म्हणतात.

'माय मिस्टर' मात्र पहिली म्हणून नको. माझी अत्यंत आवडती, पण सुरुवातीचे भाग इतके उदास आणि संथ आहेत की नवखा माणूस तिसऱ्या भागापर्यंत टिकत नाही. ऐतिहासिक मालिकांचंही तसंच. 'ज्वेल इन द पॅलेस' सुंदर आहे, पण ५४ भाग आणि दरबारातल्या पदव्यांचं जंगल. जोसन काळाची, म्हणजे कोरियातल्या जुन्या राजवटीची, हौसच असेल आणि झोंबी चालत असतील तर 'किंगडम'चे पहिले सहा भाग बघा.

भाग मोजणं, तास न मोजणं

'सोळाच तर भाग' म्हणून सुरू करता, पण एक भाग तासाहून मोठा असतो, म्हणजे सतरा-अठरा तास झाले. 'रिप्लाय १९८८' वीस भागांची, पण तिचे बरेचसे भाग दीड तासाच्या घरात जातात. शनिवार-रविवारच्या कौटुंबिक मालिका पन्नासच्या आसपास, रोजच्या मालिका शंभराच्या पुढे.

उलटा घोटाळाही होतो. यादीत ३२ भाग दिसले की लोक घाबरून सोडून देतात. तिथल्या जुन्या मोठ्या वाहिन्यांना कार्यक्रमाच्या मध्ये जाहिरात दाखवायला बंदी होती. त्यांनी पळवाट काढली, एका भागाचे दोन तुकडे केले आणि मधल्या फटीत जाहिराती घातल्या. २०२१ मध्ये नियम सैल झाला. तेव्हा त्याआधीच्या काही वर्षांतली ३२ भागांची मालिका दिसली तर एका भागाची लांबी तपासा. पस्तीस मिनिटं असेल तर ती नेहमीची सोळा भागांचीच आहे.

एका भागात निकाल लावणं

बऱ्याच मालिका आठवड्यातून सलग दोन दिवस लागतात, सोमवार-मंगळवार किंवा शनिवार-रविवार अशा. त्यामुळे पहिला भाग माणसं मांडण्यात जातो आणि गाडी दुसऱ्यात वेग घेते. निदान दोन भाग बघा. तरीही जीव रमला नाही तर खुशाल सोडा, परीक्षा थोडीच आहे!

आवाज आणि सबटायटल्स

"तोंड हलतंय एक, ऐकू येतंय भलतंच" ही तक्रार मला सारखी येते. बहुतेक वेळा ॲपने आपोआप हिंदी किंवा इंग्रजी डबिंग लावलेलं असतं. ऑडिओत कोरियन निवडा. सबटायटल्समध्ये 'दार वाजल्याचा आवाज', 'गंभीर संगीत' असं दिसत असेल तर ती कमी ऐकू येणाऱ्यांसाठीची आहेत, शेजारचा साधा पर्याय घ्या. ज्यांना इंग्रजी भराभर वाचता येत नाही त्यांनी हिंदी डबिंग निःसंकोच लावावं. डबिंगला नाकं मुरडणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा.

खरं तर इंग्रजी सबटायटल्समध्ये जे हरवतं ते मराठी माणसाला चटकन कळतं. कोरियनमध्येही अहो-जाहो आणि अरे-तुरे आहे. इंग्रजीत 'आपण मोकळेपणाने बोलू या का?' अशा अर्थाची ओळ येते आणि समोरचा गोंधळतो, तेव्हा मूळ प्रश्न असतो, 'तुम्हाला अगं-तुगं केलं तर चालेल?' कानात तेल घालून ऐका. वाक्याच्या शेवटी आदराचं 'यो' येणं थांबलं की नातं एक पायरी जवळ आलं, नाहीतर भांडण तरी पेटलं. 'ओप्पा' हा शब्द मुलगी मोठ्या भावालाही वापरते आणि प्रियकरालाही. पहिल्यांदा आपण दचकतोच.

'अटर्नी वू'मध्ये नायिका सांगते, माझं नाव उलटं वाचलं तरी तेच, वू यंग-वू, आणि सोबत तशाच शब्दांची माळ म्हणते. इंग्रजीत त्या जागी भलतेच इंग्रजी शब्द घातलेत. मूळ कोरियनमध्ये 'तोमातो' आहे, आणि 'इंदोइन'ही आहे, म्हणजे भारतीय माणूस! कोरियन लिपीत उलटापालट अक्षरागणिक होते, आपल्या 'कडक' आणि 'नमन'सारखी.

"सगळे सारखेच दिसतात"

दोन भागांनंतर दिसत नाहीत. नावांचा घोळ मात्र खरा आहे. आडनाव आधी येतं, आणि किम, ली, पार्क या तीन आडनावांतच ४० टक्क्यांहून जास्त लोक बसतात. आडनाव सोडा, पुढची दोन अक्षरं लक्षात ठेवा. लग्नानंतर बायका आडनाव बदलत नाहीत, त्यामुळे आई आणि मुलाचं आडनाव वेगळं दिसलं तर लगेच रहस्य शोधू नका.

शेवट आधी वाचणं

नणंदेला मी शेवटी 'रिप्लाय १९८८' दिली. सोलमधली एक गल्ली, पाच कुटुंबं. पहिल्याच भागात जेवणाच्या वेळी प्रत्येक आई शेजारी काहीतरी पाठवते आणि पोरं वाडगे घेऊन या घरातून त्या घरात पळत राहतात. चाळीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मग मधली मुलगी डक-सन फुटते: माझा वाढदिवस दर वर्षी ताईबरोबरच का, अंडं नेहमी ताईला आणि धाकट्यालाच का? नंतर बाप केक घेऊन येतो आणि म्हणतो, मीही पहिल्यांदाच बाप झालोय गं. नणंद स्वतः मधली. त्या रात्री तिचा फोन आला तेव्हा आवाज जड होता.

या मालिकेत डक-सनचा नवरा पुढे कोण होतो हे कोडं वीस भाग ताणलेलं आहे, आणि नेटवर तिचं नाव टाकलं की उत्तर पहिल्याच ओळीत दिसतं. नणंदेला मी बजावून ठेवलंय, काही शोधायचं नाही. सध्या बाराव्या भागावर आहे. रोज रात्री साडेअकराला विचारते, "नुसतं हो किंवा नाही म्हण, तो गप्प बसणाराच ना?" मी फोन सायलेंटवर टाकते.