दिवेलागणीला "मला घरी जायचंय" म्हणणाऱ्या आजींना कसे सांभाळावे

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या आजी दिवसभर बऱ्या असतात. दिवेलागण झाली की पदर खोचून उंबऱ्यापाशी उभ्या राहतात आणि म्हणतात, "मला घरी जायचंय." तेही स्वतःच्याच घरात! म्हणून लगेच झोपेची गोळी मागायला धावू नका. गोळीने तोल जाऊन पडायची भीती वाढते.

आधी एक तपासा. हा बदल एक-दोन दिवसांत अचानक आला असेल, तर आजच डॉक्टरांना दाखवा. लघवीचा संसर्ग, तुंबलेलं पोट, अंगातलं पाणी कमी होणं, नवं औषध, यातलं काहीही कारण असू शकतं. संसर्ग असला तरी म्हाताऱ्या अंगाला ताप येईलच असं नाही.

तसं नसेल तर आठवडाभर वहीत लिहा: किती वाजता सुरू झालं, आधी काय चाललं होतं, कशाने शांत झालं. बहुतेक वेळा भूक, लघवी, गुडघेदुखी किंवा टीव्हीचा गोंगाट सापडतो.

मग दुपार बदला. झोप अर्धा तासच, तीनच्या आत उठवा. चारनंतर चहा बंद. ऊन कलताच परसात पंधरा-वीस मिनिटं चालवा. इकडे निपाणी भागात डिसेंबरात सहालाच अंधारतं, म्हणून साडेपाचलाच सगळे दिवे लावा आणि पडदे ओढा. रात्री खिडकीच्या काचेत स्वतःचंच रूप परक्या बाईसारखं दिसतं. आरशालाही टॉवेल घाला. लाईट जाते, तेव्हा चार्जिंगचा दिवा हाताशी हवा.

साडेपाच ते सात हाताला काम द्या. सुपात वाटीभर मसूर आणि वाटीभर चवळी मिसळून निवडायला द्या. निपाणीकडे जन्मभर विड्या वळलेल्या बाईला कापलेली तेंदूची पानं आणि दोरा द्या, तंबाखू नको. डोकं विसरलं तरी बोटं बरंच लक्षात ठेवतात. निवडलेलं धान्य त्यांच्यादेखत परत मिसळू नका, एवढं पाळा.

"हेच तुमचं घर" असं समजावणं मात्र हमखास फसतं. त्यांचं 'घर' बहुधा माहेर असतं. "घरी कोण वाट बघतंय?" असं विचारा, ऐका, मग म्हणा, "चला, भाकरी खाऊन निघू." माहेर गोकाककडचं असेल तर त्या कन्नडमध्ये "मनिगे होगबेकु" (घरी जायचंय) म्हणू लागतील. नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी निसटते, त्यामुळे पन्नास वर्षं मराठीत संसार केलेली बाईही कन्नडवर येते. तेव्हा कन्नडमध्येच बोला. येत नसेल तर शेजारच्या अक्कांना बसवा. तरीही ऐकेनात तर चपला घाला, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत या.

बाहेरून कुलूप लावून त्यांना एकटं सोडू नका, आग लागली तर अडकतील. कडीला घंटा बांधा. झंपरच्या आत नाव आणि फोन नंबर लिहिलेली कापडी पट्टी शिवा, मराठी आणि कन्नड दोन्ही लिपींत. स्टँडवरून त्या कोल्हापूरच्या गाडीत चढतील की हुबळीच्या, सांगता येत नाही. दिसेनाशा झाल्या तर जवळपास शोधता शोधताच 112 लावा.