मुलींचं स्तन-आरोग्याबद्दलचं ज्ञान आणि समजुती मोजताना : नवीन रिसर्च करणाऱ्यांसाठी

नर्सिंग किंवा पब्लिक हेल्थच्या प्रोजेक्टसाठी हा विषय घेतलाय ना, मग सगळ्यात आधी ज्ञान आणि समजुती वेगळ्या ठेवा. "या वयातली गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते" याचं उत्तर बरोबर किंवा चूक असतं (बहुतेक गाठी फायब्रोअ‍ॅडेनोमाच्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या साध्या गाठी, निघतात), पण "गाठ लागली तर घरी सांगायला लाज वाटेल" याला बरोबर उत्तर कुठून आणणार, ते पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत अशा ५ पर्यायांच्या लिकर्ट स्केलवरच विचारायचं. दोन्हींची बेरीज करून एकच स्कोअर काढला तर त्यातून काहीच कळत नाही.

ज्ञानाच्या प्रश्नांत "माहीत नाही" हा पर्याय हवाच. नुसतं बरोबर-चूक ठेवलं तर अंदाजाने टिक करूनही निम्मे मार्क मिळतात.

समजुतींसाठी बहुतेक गाईड नर्सिंग संशोधक व्हिक्टोरिया चॅम्पियन यांचं १९८४ चं स्केल सुचवतात. हेल्थ बिलीफ मॉडेलवरचं आहे (माणूस आरोग्याची काळजी घेतो की नाही हे त्याच्या समजुतींवर ठरतं, असं मानणारं मॉडेल), धोका, गांभीर्य, फायदे, अडथळे असे भाग आहेत, चांगलंच आहे. पण ते मोठ्या बायकांसाठी आणि स्वतः करायच्या तपासणीभोवती बांधलेलं आहे, आणि शांघायमधल्या सुमारे २,६६,००० बायकांच्या अभ्यासात (निकाल २००२) ती तपासणी शिकवून मृत्यू कमी झाले नाहीत, त्यामुळे १४ वर्षांच्या मुलीला कॅन्सरच्या धोक्याचे दहा प्रश्न विचारून घाबरवण्यात मला काही अर्थ दिसत नाही. तिला पडलेले प्रश्न वेगळेच असतात हो, एक बाजू मोठी का, पाळीआधी दुखतं ते नॉर्मल का, मैत्रिणीची वाढ आधी का सुरू झाली (८ ते १३ मध्ये कधीही होते). हे प्रश्नावलीत आणा.

पायलटला, म्हणजे खऱ्या अभ्यासाआधीच्या छोट्या चाचणीत, मुलींना प्रत्येक वाक्य वाचून "तुला यातून काय कळलं" विचारा, इथेच निम्मी प्रश्नावली सुधारते. क्रोनबॅक अल्फा (एका भागातले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते दाखवणारा आकडा) प्रत्येक भागाचा वेगळा काढा, ०.७० च्या आसपास तरी हवा, उलट्या अर्थाच्या वाक्यांचे मार्क आधी फिरवून घ्या (५ चे १, ४ चे २).

पालकांची संमती लागतेच, पण मुलीचा स्वतःचा होकारही घ्या. फॉर्मवर नाव नको, बसवताना अंतर ठेवा. आणि एखादीने हळूच येऊन "मला गाठ लागतेय" सांगितलं तर तिला कुठे पाठवायचं, कोण सोबत जाणार, हे डेटा गोळा करायच्या आधीच कागदावर ठरलेलं असू द्या.