दोन विमानतळांमधील अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा

छत्रपती संभाजीनगरहून नांदेडला जाणारी रस्त्याची वाट जालना-परभणी करत अडीचशे किलोमीटरांच्या पुढे जाते. विमानाचे अंतर मात्र नकाशावरील सरळ रेषेचे असते आणि ते घरबसल्या काढता येते.

त्यासाठी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यावेत. चिकलठाणा विमानतळ १९.८६ उत्तर, ७५.४० पूर्व असा आहे, तर नांदेडचा श्री गुरु गोविंदसिंगजी विमानतळ १९.१८ उत्तर, ७७.३२ पूर्व असा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून दूर जाऊ तसा आखूड होत जातो आणि मराठवाड्यात तो सुमारे १०५ किलोमीटर भरतो. हा फरक न धरता दोन्हीकडे १११ने गुणले, तर उत्तर दहा-अकरा किलोमीटरांनी फुगते. आपल्या उदाहरणात ०.६८ गुणिले १११ म्हणजे ७५ आणि १.९२ गुणिले १०५ म्हणजे २०२. या दोन संख्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की २१५ किलोमीटर, म्हणजे सुमारे ११६ सागरी मैल, हे उत्तर मिळते. मराठवाड्यापुरती ही रीत पुरेशी अचूक आहे. दिल्लीसारख्या लांबच्या ठिकाणासाठी मात्र पृथ्वीची गोलाई धरणारे सूत्र वापरावे.

आता वेळ. प्रादेशिक मार्गांवर वापरले जाणारे एटीआर-७२ हे पंख्याचे विमान पूर्ण वेगात ताशी सुमारे ५०० किलोमीटर जाते, त्यामुळे २१५ किलोमीटरांना २६ मिनिटे लागतील असे वाटते. परंतु धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, खाली येणे आणि थांब्यावर उभे राहणे यांसाठी आणखी सुमारे २० मिनिटे धरलीच पाहिजेत, म्हणून पाऊण तास हा अंदाज रास्त ठरतो. जेट विमान असले तरी एवढ्या थोड्या अंतरात फारसा वेळ वाचत नाही, कारण पूर्ण वेग गाठेपर्यंत उतरायची तयारी सुरू होते.

वाऱ्याचाही विचार करावा. चिकलठाण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि विमान वाऱ्याला सामोरे जात उड्डाण करते. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून वाहत असताना नांदेडच्या विमानाला आधी पश्चिमेला उडून मग वळसा घालून आग्नेयेकडे यावे लागते. लांबच्या प्रवासात ही चार-पाच मिनिटे जाणवत नाहीत, इथे जाणवतात.

प्रवाशाने मात्र घरापासून घरापर्यंतचा वेळ मोजावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. विमानतळावर तास-दीड तास आधी पोहोचणे, सामान घेणे आणि दोन्हीकडची ये-जा मिळवली, तर पाऊण तासाचा प्रवास तीन तासांच्या घरात जातो, आणि रेल्वे हेच अंतर साधारण चार-साडेचार तासांत कापते.

थेट विमान नसेल, तर मधल्या प्रत्येक टप्प्याचे अंतर वेगळे काढावे. नांदेड-हैदराबाद ही उडान योजनेत २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झालेल्या पहिल्या मार्गांपैकी एक. हे अंतर सुमारे २४५ किलोमीटर आहे. संभाजीनगर-हैदराबाद सुमारे ४३० भरते. म्हणजे हैदराबादमार्गे नांदेड गाठायचे झाल्यास २१५ऐवजी पावणेसातशे किलोमीटर उडावे लागते, शिवाय मधला मुक्काम वेगळा, आणि तेव्हा रेल्वेच आधी पोहोचवते.