कव्हर आवडलं नाही? आधी कूलर बंद करा

माझ्याकडे लक्ष्मीनगरात गिटार शिकायला येणाऱ्या पोरांची एक ठरलेली तक्रार असते: "ताई, पिक्चरवाल्यांनी गाण्याची पार वाट लावली." म्हणजे जुनं रॉक गाणं सिनेमात दुसऱ्याच कुणी गायलेलं असतं, त्याला कव्हर म्हणतात, आणि ते यांना आवडत नाही. कुठं लावली म्हटलं की गडी गप्प. फार झालं तर, "फील नाही आला." अरे बाप्पा, ते तर तुझ्या तोंडावरच दिसतंय, पण गाण्यात नेमका कुठं आला नाही? तिथं बोट ठेवता आलं तर चिडण्यात काही अर्थ. नाहीतर तर्री-पोह्याच्या गाडीवर रोज चालतं तेच: तू म्हणतो वाईट, मी म्हणते चांगलं, आणि पोहे थंड.

तर पहिलं काम, कूलर बंद करा. मे महिन्यातल्या दुपारी कूलर भणाणत असताना बेस गिटार ऐकूच येत नाही, आणि रॉक गाण्यातून बेस गेला की उरतं काय? 45 अंशांत पाच मिनिटं घाम आला तर येऊ द्या. मोबाइलच्या स्पीकरवर नको, तारेचे साधे हेडफोन लावा. मग मूळ आणि कव्हर, दोन्ही गाण्यांचा आवाज कानाला सारखा करून घ्या. सत्तरच्या दशकातली रेकॉर्डिंग हळू वाजतात, 2000 च्या आसपासची बहुतेक कानावर आदळतात. जे मोठ्यानं वाजतं ते आधी भारी वाटतं आणि थोड्या वेळानं डोकं उठवतं. त्याचं खापर गायकावर फोडू नका.

दिग्दर्शकाला शिव्या घालायच्या आधी पैशाचंही बघा. गाण्याचे हक्क दोन: एक रचनेचा, दुसरा त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा. मूळ गाणं जसंच्या तसं सिनेमात वापरायचं तर दोन्हीकडे पैसे मोजावे लागतात. दुसऱ्याकडून गाऊन घेतलं की रेकॉर्डिंगवाल्याचा हिशेब मिटतो. 2001 च्या 'आय अ‍ॅम सॅम'मध्ये बीटल्सची गाणी इतरांनी गायली आहेत, ती याचमुळे. त्यात गंमत अशी की सिनेमा मूळ गाण्यांच्या हिशेबानं बेतलेला होता, म्हणून नव्या गायकांना बीटल्सच्याच गतीत गावं लागलं. त्यातलाच एक गायक एडी व्हेडर ऐकताना "यानं नवीन काय केलं?" असं वाटतं ना, त्याचं निम्मं उत्तर इथं आहे.

आता मुख्य काम. वही घ्या आणि मूळ गाणं घड्याळ बघत ऐका. शब्द लिहू नका. ड्रम कधी आले, आवाज कधी चढला, सगळे कधी थांबले, एवढंच वेळेसकट लिहा. मग कव्हरची तशीच यादी करा आणि दोन्ही शेजारी ठेवा. राग आपण गायकाच्या आवाजावर काढतो, दुखणं बहुतेकदा गाळलेल्या जागेत असतं.

'द हू' या ब्रिटिश रॉक बँडचं 'बिहाइंड ब्लू आइज' घ्या, 1971 चं. बँडचा गिटारवाला पीट टाउनशेंड, त्यानं ते 'लाइफहाउस' नावाच्या, पुढे बारगळलेल्या प्रकल्पातल्या खलनायकाच्या तोंडी लिहिलं होतं. सुरुवातीला गिटारच्या एकेक तारेवरून फिरणारी बोटं आणि गायक रॉजर डाल्ट्रीचा दाबून धरलेला आवाज. ड्रमवर कीथ मून असून दोन मिनिटं ड्रमच नाहीत. कीथ मूनला दोन मिनिटं गप्प बसवणं म्हणजे काय, हे त्याची बाकीची गाणी ऐकलेल्यालाच कळेल. मग सव्वादोन मिनिटांच्या आसपास तो तुटून पडतो आणि इतका वेळ आत कोंडलेला संताप बाहेर येतो. शेवटी पुन्हा तीच हळुवार ओळ येते, पण आता तिची भीती वाटते.

लिंप बिझकिट या अमेरिकन बँडनं 2003 मध्ये केलेलं कव्हर 'गॉथिका' सिनेमात आहे. सुरुवात चांगली आहे, त्यांचा गायक फ्रेड डर्स्ट बरा गातो. (हे म्हटलं की पोरं माझ्याकडे संशयानं बघतात.) पण मधला तो स्फोटच काढून टाकलाय. त्या जागी 'स्पीक अँड स्पेल' या मुलांना स्पेलिंग शिकवणाऱ्या खेळण्याचा यांत्रिक आवाज बँडच्या नावाची अक्षरं म्हणतो: एल, आय, एम, पी. म्हणजे गाण्यातल्या माणसाला राग येतच नाही. सुरुवातीला बिचारा, शेवटीही बिचाराच. तुमच्या यादीत सव्वादोन मिनिटांपुढे जे लिहिलंय, ते कव्हरच्या यादीत सापडणार नाही. फील गेला तो तिथं.

नुसती लांबी कमी झाली म्हणून मात्र रुसू नका. डॉन मॅक्लीनचं 'अमेरिकन पाय' साडेआठ मिनिटांचं, मॅडोनानं 2000 मध्ये सिनेमासाठी ते साडेचारच्या आसपास आणलं. मधली बरीच कडवी गेली, गोष्ट गेली, नाचायचा ठेका उरला. ते मला नाही चालत. पण बॉब डिलनचं 'डेसोलेशन रो' अकरा मिनिटांचं आणि 'वॉचमेन' सिनेमासाठी माय केमिकल रोमान्स या बँडनं केलेलं तीनच मिनिटांचं, तरी ते मी ऐकते, कारण त्यांनी हळुवारपणाचं सोंग आणलं नाही, सरळ धिंगाणा घातला.

उलटंही होतं, कव्हर मूळ गाण्याहून लांबतं. 'नॉकिन ऑन हेवन्स डोअर' कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये हमखास वाजतं, गिटारच्या सोप्या कॉर्डवर: जी, डी, ए मायनर, मग जी, डी, सी. पोरांना ते गन्स अँड रोझेस या बँडचंच वाटतं. मुळात डिलननं ते 1973 मध्ये एका वेस्टर्न सिनेमासाठी केलं, मरणाऱ्या शेरीफच्या प्रसंगाला, जेमतेम अडीच मिनिटांचं. गन्स अँड रोझेसचं 1990 मध्ये 'डेज ऑफ थंडर' सिनेमाच्या अल्बमवर आलं, दुपटीहून लांब. मरणाऱ्या माणसाला एवढा दम कुठला, हा माझा आक्षेप. त्यांचा गिटारवाला स्लॅश, त्याच्या सोलोबद्दल तक्रार नाही.

आणि प्रसंग बघितल्याशिवाय निकाल देऊ नका. लेड झेपलिनच्या 1970 च्या 'इमिग्रंट साँग'चं ट्रेंट रेझनर, अ‍ॅटिकस रॉस आणि करेन ओ यांनी केलेलं कव्हर नुसतं ऐकलं तर कर्कश वाटतं. 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू' सिनेमाच्या सुरुवातीला काळ्या द्रवात बुडालेले चेहरे दिसतात, तिथं ते बघा. रिफची, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याची, घोडदौड शाबूत आहे, मूळ गाण्यातली ती किंकाळीही आहे. माझ्याकडून पास. मूळ गाणंच हवं असेल तर 'स्कूल ऑफ रॉक' सिनेमात आहे. परवानगी मिळावी म्हणून त्यातला नट जॅक ब्लॅक, त्यानं गर्दीसमोर उभं राहून कॅमेऱ्यात बँडला विनवण्या केल्या होत्या.

सरावासाठी शेवटची जोडी सोपी आहे. नील डायमंडचं 1967 चं 'गर्ल, यू विल बी अ वुमन सून' आणि 'पल्प फिक्शन' सिनेमातलं अर्ज ओव्हरकिल या बँडचं. हे कव्हर सिनेमासाठी केलेलंच नव्हतं, 1992 मध्ये बँडच्या स्वतःच्या ईपीवर, म्हणजे छोट्या अल्बमवर, आलेलं दिग्दर्शक टॅरँटिनोनं उचललं. कुणाचा प्रसंग सांभाळायचा नव्हता, कुणाचं बजेट वाचवायचं नव्हतं, आणि ते ऐकू येतं. इथं फक्त क्रम उलटा करा: यादी आधी कव्हरची लिहा, मग ओरिजिनलची.