परसातल्या तळ्यात गरी टाकायची तर

कोकणात पाणी येतं भरपूर, पण जांभा दगड ते धरत नाही. माझं पहिलं तळं श्रावणात काठोकाठ भरलं होतं आणि दिवाळीला त्याचा तळ दिसत होता. म्हणून परसात तळं खणून गरीने, म्हणजे गळाने, मासे पकडायचे असतील तर माशांचा विचार नंतर करा, आधी पाणी कसं टिकेल ते पाहा.

जागा. परसात ऊन येणारी सखल जागा निवडा. आंबा-फणसाखाली तळं नको. पानं पडून कुजतात आणि पाण्यातला प्राणवायू खातात. विहीर आणि शौचखड्डा यांच्यापासून लांब राहा. हौसेच्या मासेमारीला एक गुंठा, म्हणजे साधारण ३३ फूट बाय ३३ फूट, पुरे होतो.

खोदाई. दिवाळीनंतर सुरू करून मे महिन्याआधी संपवा. खोली सहा फूट ठेवा, पाणी पाच फुटांपर्यंत राहील. कडा उभ्या कापू नका. एक फूट खोलीला दीड फूट उतार द्या, नाहीतर पहिल्या मोठ्या सरीत माती ढासळते. निघालेल्या मातीचा बांध घालून तो थराथराने धुमसा.

गळती. आधी एक खड्डा खणून त्यात पाणी भरून ठेवा. रात्रीत उतरलं, तर अस्तर लावल्याशिवाय गत्यंतर नाही. भातखाचराची चिकण माती जवळ असेल तर तिचा फूटभर थर ओला करून तुडवून बसवा. नसेल तर शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद घाला. त्याखालचे टोकदार खडे आणि मुळं वेचायला एक दिवस गेला तरी चालेल, कारण भोक एकदा पडलं की शोधून सापडत नाही. कागदावर तळाशी सहा इंच माती पसरा, मृगळ हा मासा चिखलातच चरतो. कागदाचा उतार ओला झाला की शेवाळाने निसरडा होतो आणि पडलेल्याला वर येता येत नाही. म्हणून चारही बाजूंना गाठी मारलेले दोर बांधा आणि भोवती कुंपण घाला. घरात पोरं असोत वा नसोत, हे करायचंच.

सांडवा. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत तळं ओसंडलं की मासे वाहत्या पाण्यावर निघून जातात. माझे असेच गेले. बांधाच्या माथ्यापासून फूटभर खाली रुंद सांडवा, म्हणजे जादा पाण्याची वाट, काढा, त्याला बारीक जाळी लावा आणि पावसाळ्यात ती रोज साफ करा. ओहोळाचं पाणी थेट आत घेऊ नका. पावसात प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या माशांबरोबर मरळही येते आणि ती लहान पिल्लं फस्त करते.

पाणी तयार करणं. आपली तांबडी माती आम्लधर्मी, म्हणून गुंठ्याला पाच किलो चुना पसरा. आठवड्याने वीस किलो शेण कालवून सोडा. पाण्यावर हिरवट झाक यायला हवी. हात कोपरापर्यंत बुडवल्यावर तळवा अंधूक दिसला तर पाणी बरोबर आहे. हात मनगटाच्या जरा वरपर्यंत बुडताच तळवा दिसेनासा झाला तर शेण थांबवा.

बीज. जुलै ते सप्टेंबरात माशांची बोटभर लांबीची पिल्लं, म्हणजे बोटुकली, सोडा. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, त्यामुळे तिघांत भांडण नाही. गुंठ्याला पन्नास पुरेत: २० कटला, १५ रोहू, १५ मृगळ. बीजाची पिशवी तोंड न सोडता पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मगच सोडा. स्वस्त मिळाला तरी आफ्रिकन मांगूर आणू नका. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे आणि तो ओहोळात सुटला तर इथले मासे खातो. बीज आणि पाण्याची तपासणी यासाठी रत्नागिरीजवळच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय किंवा जिल्ह्याचं मत्स्यव्यवसाय कार्यालय गाठा.

राखण. तांदळाचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड निम्मी निम्मी भिजवून रोज एकाच वेळी, एकाच कोपऱ्यात द्या. शिल्लक उरली तर दुसऱ्या दिवशी कमी करा. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडू लागले की समजा, प्राणवायू संपत आलाय. खाणं बंद करून लगेच ताजं पाणी उंचावरून पाडा. ढगाळ दिवसात शेण कधीच टाकू नका. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, महिन्याला अर्धा फूट तरी भर घालावी लागते. पाणकावळे मासे उचलू नयेत म्हणून वर दोऱ्या ताणून ठेवा.

गरवणं. वर्षभरात मासा पाऊण ते एक किलोचा होतो. रोज कोंडा टाकता त्याच कोपऱ्यात गरी टाका, मासे तिथे आपणहून येतात. रोहूचं तोंड लहान, म्हणून गरी लहान आणि कणकेचा गोळा वाटाण्याएवढा. गरीच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केलात तर लहान मासा जखम न होता परत सोडता येतो. सोडताना हात ओले असू द्या, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग जडतो.