क्वार्टरबॅकच्या आधी कोण? ड्राफ्ट शिकताना मला उमगलेला क्रम

डेट्रॉइटला येऊन मला दोनच वर्षं झाली होती. एप्रिल २०२१ मध्ये ऑफिसातल्या मित्रांनी मॉक ड्राफ्टला बसवलं. ड्राफ्ट म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या टीम दरवर्षी कॉलेजातले नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तो कार्यक्रम, आणि मॉक म्हणजे त्याची लुटूपुटूची नक्कल. खऱ्या ड्राफ्टच्या आधी प्रत्येकाने एकेका टीमसाठी खेळाडू निवडायचे. माझ्या वाट्याला डेट्रॉइटचीच टीम, लायन्स, आली आणि सातव्या नंबरवर मी बेधडक जस्टिन फील्ड्स हा क्वार्टरबॅक घेतला. क्वार्टरबॅक हा बॉल फेकणारा, टीमचा कर्ता माणूस, मोडलेली टीम उभी करायची तर त्याच्यापासूनच, एवढंच मला कळत होतं. लायन्सचा जुना क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड याच्या बदल्यात रॅम्स या टीमकडून आलेला क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ मला चार दिवसांचा पाहुणा वाटायचा.

खऱ्या ड्राफ्टला लायन्सनी पेनेई सूएल घेतला. तो टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकच्या अंगावर धावून येणाऱ्यांना अडवणारा धिप्पाड गडी. बॉल त्याच्या हातात सहसा येतच नाही. पण नंतर आलेल्या व्हिडिओत जनरल मॅनेजर ब्रॅड होम्स आणि त्यांची माणसं आनंदाने अक्षरशः उड्या मारत होती. एका टॅकलसाठी एवढं काय, हे शोधता शोधताच मला ड्राफ्ट कळू लागला.

नव्याने बघणाऱ्यांनी आधी पैशांचं गणित समजून घ्यावं. ३२ टीम, सात राउंड, आणि सगळ्यात वाईट खेळलेल्या टीमला पहिली संधी. निवडलेल्या खेळाडूशी चार वर्षांचा करार होतो, पहिल्या राउंडवाल्याला पाचवं वर्ष वाढवून देता येतं. २०११ पासून हा पगार निवडीच्या नंबरवर जवळपास ठरलेला असतो. म्हणून बाजारात जी जागा सर्वात महाग, तिथला खेळाडू ड्राफ्टमधून आणला तर सर्वात जास्त पैसे वाचतात. महागाच्या जागा म्हणजे क्वार्टरबॅक, टॅकल, एज रशर (कडेने क्वार्टरबॅकवर धावून जाणारा), वाइड रिसीव्हर (फेकलेला बॉल झेलणारा) आणि कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा). रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा), सेफ्टी (डिफेन्समध्ये सगळ्यात मागे उभा राहणारा), मधला लाइनबॅकर (डिफेन्सच्या मधोमध उभा राहणारा) हे त्यामानाने स्वस्तात मिळतात.

मग क्वार्टरबॅकच आधी का नको? ह्यूस्टन टेक्सन्स ही टीम २००२ मध्ये नव्याने सुरू झाली, तेव्हा त्यांनी पहिल्याच नंबरवर डेव्हिड कार हा क्वार्टरबॅक घेतला. समोर लाईन, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पाच जणांची फळी, धड नव्हती. पहिल्या मोसमात त्याला ७६ वेळा सॅक केलं, म्हणजे बॉल फेकण्याआधीच पाडलं. आणि माझ्या २०२१ च्या ड्राफ्टचंच बघा. पहिल्या राउंडमध्ये पाच क्वार्टरबॅक गेले. २०२४ चा ड्राफ्ट येईपर्यंत त्यातला एकटा ट्रेव्हर लॉरेन्स मूळ टीममध्ये उरला होता. माझा फील्ड्सही शिकागोहून पिट्सबर्गला गेला होता.

लायन्सनी मात्र क्रम सोडला नाही. सूएलनंतर लगेच दोन डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे डिफेन्सच्या फळीतले मधले गडी, घेतले, मग चौथ्या राउंडमध्ये, ११२ व्या नंबरवर, अमोन-रा सेंट ब्राउन हा रिसीव्हर. याच टीमने २००३ ते २००५ अशी सलग तीन वर्षं पहिल्या राउंडमध्ये रिसीव्हर घेतले होते आणि टीम होती तिथेच राहिली होती. २०२१ मध्ये जेमतेम तीन सामने जिंकले. २०२२ ला दुसऱ्या नंबरवर एज रशर एडन हचिन्सन आला. सुरुवात १-६ (एक विजय, सहा पराभव) अशी झाली, पण शेवट ९-८ वर.

२०२३ मध्ये त्यांनी पहिल्या राउंडमध्ये जामीर गिब्स हा रनिंग बॅक आणि जॅक कॅम्पबेल हा लाइनबॅकर घेतला. स्वस्त जागांवर महागडे पिक, म्हणजे निवडीच्या संधी, उधळले, अशी टीका झाली. तोवर नियम पाठ झाल्यामुळे मीही चिडलो होतो. पण लाईन तयार होती, त्यामुळे गिब्सला पळायला वाट मिळत होती. रनिंग बॅक घेणं चूक नसतं, तो २०२१ मध्ये घेतला असता तर चूक ठरली असती. जानेवारी २०२४ मध्ये लायन्सनी ३२ वर्षांनी प्लेऑफचा, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीचा, सामना जिंकला, तोही रॅम्सविरुद्ध. क्वार्टरबॅक होता तोच पाहुणा, जॅरेड गॉफ.

याला अपवाद आहेत. २०२१ मध्येच सिनसिनाटीच्या टीमने सूएल सोडून जमार चेस हा रिसीव्हर घेतला आणि त्याच मोसमात सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, गाठला. पण तिथे जो बरो हा क्वार्टरबॅक आधीच होता, आणि त्या सुपर बोलमध्ये त्याला सात वेळा पाडलं गेलं.

माझी एक सवय सांगतो. सामन्याचा एक क्वार्टर, म्हणजे पाव भाग, बॉलकडे बघूच नका, लाईनमधल्या पाच जणांकडे बघा. बॉल मागे आला की मनात एक-दोन-तीन मोजा. तीनच्या आत क्वार्टरबॅकला जागा सोडून पळावं लागलं की वहीत रेघ मारा, आणि कोणत्या बाजूने माणूस आत शिरला तेही लिहा. चार सामन्यांत दुखणं कुठे आहे ते कळतं. मग डिफेन्सचंही असंच, उलट बाजूने.

२०२४ चा ड्राफ्ट डेट्रॉइटमध्येच झाला. मी डाउनटाउनच्या गर्दीत उभा होतो. त्या वर्षी माझ्या वहीत सगळ्यात जास्त रेघा कॉर्नरबॅकच्या नावापुढे होत्या. लायन्सनी पाच जागा वर सरकून २४ व्या नंबरवर टेरियन अर्नोल्ड घेतला. कॉर्नरबॅक. मी वही डोक्यावर धरून ओरडत होतो.